उतारावरचे खिळे

तो प्रसंग इतकी वर्षं झाली तरी डोळ्यांसमोरून हलत नाही. तसं पाहिलं तर त्यात ना खून होता, ना दरोडा. पेपरात चार ओळीसुद्धा छापून आल्या नाहीत. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शहाणं केलं असेल तर ते एका पंक्चरवाल्याने, हे मी आता उघडपणे सांगतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. कागलच्या बाजूला हायवेवरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा दुपदरी होता. मोबाईल कुणाकडे नव्हते. गाडी बंद पडली की माणूस बॉनेट उघडून नुसता उभा राहायचा, कारण बॉनेट उघडलं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं. मग एखादा ट्रकवाला थांबायचा, काय झालंय ते विचारायचा आणि पुढे जाऊन एका पत्र्याच्या शेडसमोर हॉर्न मारून ओरडायचा, "मिस्त्री, पुलाच्या अलीकडं पांढरी फियाट हुबी हाय, बायकापोरं हायत." की मिस्त्री एम-एटी मोपेडवर अवजारांची पिशवी अडकवून निघाला. एसटीचे कंडक्टरही असेच निरोप आणायचे. त्या पट्ट्यातली अडलेल्या गाडीला मदत मिळण्याची व्यवस्था म्हणाल तर ही एवढीच. हा मिस्त्री चाळिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. शेडमध्ये बुद्धाची एक तसबीर, खाली टायरांची रास आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर.

त्या हिवाळ्यात आमच्या हद्दीतल्या एका उतारावर गाड्या पंक्चर होण्याचं प्रमाण एकाएकी वाढलं. जागा एकच, अर्ध्या किलोमीटरचा उतार. दर दोन-तीन दिवसांनी कुणी ना कुणी ठाण्यात येऊन, रस्त्यावर खिळे टाकतात, तुम्ही झोपा काढता काय, असं सुनावून जायचं. मी एक हवालदार तिथे उभा केला. तो दोन दिवस उभा राहिला, काही दिसलं नाही, तिसऱ्या दिवशी त्याचीच सायकल पंक्चर झाली.

मग व्हायचं ते झालं. जवळच्या गावातल्या दूध संस्थेचे सचिव स्कूटरवरून येत असताना उतारावर पुढचं चाक बसलं आणि ते फरफटत गेले. मांडीचं हाड मोडलं. भला माणूस, गावाचा लाडका. तासाभरात दीड-दोनशे लोक ठाण्याच्या आवारात. सचिवांचा धाकटा भाऊ पुढे होता. तो म्हणाला, "साहेब, आज माणूस जित्ता हाय म्हणून तुमच्याकडं आलोय. खिळं टाकणारा तुमी न्हाई धरला तर आमी धरतो."

संध्याकाळच्या आत खबर आली. उताराच्या पायथ्याशी चहाचा गाडा लावणारा एक जण मागच्या दाराने आत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मी बघितलंय. मिस्त्री रोज पहाटं उतारावर चालत जातोय. वाकून वाकून कायतरी करतोय. दिस उगवायच्या आत परत." मला वेगळं काय हवं होतं? पंक्चर झाली की धंदा कुणाचा होतो, हे शाळेतलं पोर सांगेल. पंच घेऊन शेडची झडती घेतली. कॉम्प्रेसरच्या मागे तेलाचा जुना डबा सापडला, खिळ्यांनी अर्धा भरलेला. शेजारी एका काठीला लाऊडस्पीकरचा जुना लोहचुंबक बांधलेला होता. पंचनाम्यात मी डबा ठळक लिहिला आणि काठी 'किरकोळ भंगार' म्हणून उरकली. माझ्याच हस्ताक्षरातली ती ओळ आठवली की अजून कानाची पाळी गरम होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी झाली आणि मिस्त्रीला समोर बसवला. अटक अजून दाखवली नव्हती, पण कागद तयार होते. बाहेर सचिवांचा भाऊ पाच-पंचवीस लोकांसह बसून होता. मला दुपारपर्यंत कबुली हवी होती.

"खिळे तुझे?"

"न्हाईत."

"मग तुझ्या डब्यात कसे?"

"येचल्यात, साहेब. रस्त्यावरनं."

"पहाटे उठून तू रस्ता झाडतोस?"

"व्हय."

माझा हवालदार हसला. मलाही हसू आलं असतं, पण बाहेरच्या लोकांचा आवाज आत येत होता. मी विचारलं, "बरं, तू वेचतोस. मग टाकतं कोण? कुणाचे आहेत खिळे?"

यावर त्याने मान खाली घातली. मी तोच प्रश्न चार प्रकारांनी विचारला. गोडीत विचारला, दरडावून विचारला. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव होता, आणि हा माणूस तर बोलतच नव्हता. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याच्या कानाखाली एक वाजवली. त्याने गालावर हातसुद्धा नेला नाही. फक्त म्हणाला, "मारा साहेब. पर त्ये नका इचारू."

तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी गलका झाला. एक ट्रक ड्रायव्हर घामाघूम होऊन उभा होता. "मिस्त्री हितं हाय म्हणं? उताराच्या वरल्या अंगाला अँबॅसिडर बंद पडलीया. बाळंतीण हाय आत. म्हंजे व्हायचीया अजून. लई कळा याय लागल्यात." आमची जीप कोल्हापूरला साहेबांच्या बैठकीला गेलेली. सरकारी दवाखान्याची गाडी बोलवायची तर फोन लागून ती येईपर्यंत तास गेला असता.

मिस्त्री उठून उभा राहिला. आपण संशयित आहोत, परवानगीशिवाय उठायचं नसतं, हे तो विसरलाच होता. "साहेब, मला जाऊ द्या. काम झालं की येतो परत. पळून कुठं जाणार? शेड हितंच हाय."

बाहेर जमाव, आत संशयित, आणि रस्त्यावर एक बाई. स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याच ट्रकच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी मीच चढून बसलो. सचिवांचा भाऊ ओरडला, "सोडला काय त्याला?" मी म्हणालो, "माझ्या जबाबदारीवर नेतोय." वाटेत शेडपाशी दोन मिनिटं थांबून त्याने अवजारांची पिशवी घेतली.

अँबॅसिडरच्या बॉनेटमधून वाफ निघत होती. मागच्या सीटवर ती पोरगी ओठ चावत पडलेली, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. नवरा रस्त्याच्या कडेला नुसता येरझाऱ्या घालत होता. मिस्त्रीने एकदा आत नजर टाकली आणि निदान केलं, "फॅनबेल्ट तुटलाय. ह्या मापाचा माझ्याकडं न्हाई." मग तो सासूकडे वळला, "मावशी, नायलॉनची एखादी साडी हाय काय पिशवीत?"

"हाय की. काय करतोस?"

"फाडतो."

म्हातारीने एक शब्द न विचारता साडी काढून दिली. त्याने लांब पट्टी फाडली, तिला घट्ट पीळ घातला, पुलीवरून दोन वेढे घेऊन अशी गाठ मारली की माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरालाही ती नवी होती. रेडिएटर निवेपर्यंत थांबला, सावकाश पाणी ओतलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "पळवायची न्हाई. काटा वर चढला की थांबायचं. कोल्हापूर गाठून देतीया ही साडी." त्या बाईशी त्याचं ना नातं, ना ओळख. गालावर माझी बोटं अजून उमटलेली होती. पण ती वीस मिनिटं त्याचं लक्ष फक्त त्या गाडीत होतं. गाडी सुरू झाली, निघून गेली. मी तिथे उभा राहून त्या माणसाकडे बघत होतो, आणि मला माझी लाज वाटली.

ट्रक आम्हाला सोडून पुढे गेला होता, म्हणून परत जायला वाहनाची वाट बघत आम्ही उताराने चालू लागलो. गळिताचा हंगाम होता. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या एकामागून एक उतरत होत्या. भरलेली गाडी मागून रेटत होती आणि बैल पुढचे पाय डांबरावर रोवून, मान ताणून तिला आवरत होते. खुरांचा खरखर आवाज येत होता. एक गाडी पुढे गेली तशी मिस्त्री वाकला, रस्त्यावरून काहीतरी उचललं आणि झटक्यात खिशात टाकलं. सवयीने केलं असावं. मी शेजारी आहे हे मागून त्याच्या ध्यानात आलं.

"दाखव."

त्याने नाइलाजाने तळहात उघडला. खिळा होता. चपट्या डोक्याचा, आणि टोक आकड्यासारखं दुमडलेलं.

तो खिळा मी आयुष्यभर ओळखत होतो. लहानपणी आमच्या बैलांना पत्री मारताना मी कासरा धरून बसायचो. नालबंद खुराला लोखंडी पत्री लावून खिळे ठोकतो, खुराच्या बाजूने टोक बाहेर काढतो आणि हातोडीने दुमडतो. टोक दुमडलेला खिळा म्हणजे खुरात बसून आलेला खिळा. दुकानातून आणून कुणी रस्त्यावर टाकला तर त्याचं टोक सरळ असणार. त्या उतारावर बैल पाय घासत उतरायचे, पत्र्या ढिल्या व्हायच्या, खिळे गळून पडायचे. चपटं डोकं खाली टेकलं की आकडा वर. अर्धा डबा खिळे माझ्या टेबलावर रात्रभर पडून होते आणि मी त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहिलं, खिळे म्हणून एकदाही पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस? मार खाल्लास, जेलात गेला असतास."

तो पुढे जाणाऱ्या गाडीकडे बघत होता. गाडीवर एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं. "ही बीडकडची ऊसतोडीची माणसं हायत, साहेब. खोपटात ऱ्हात्यात. गेल्या साली मोटारीला गाडी आडवी आली म्हणून एकाला लोकांनी लई मारला. बैलालासुदिक मारला. आता तर सचिवाचं हाड मोडलंय. तुमी इचारलं, खिळं कुणाचं. मी नाव सांगितलं असतं तर लोक खोपटावर चालून गेलं असतं. माझं काय, माझी शेड तरी पक्की हाय."

"आणि पहाटेचं ते वाकणं?"

"चुंबक फिरवत जातो. पर समदं कुठं घावतंय? त्या दिवशी एक ऱ्हायला." हातातल्या खिळ्याकडे बघत तो म्हणाला, "सचिवाचं मला लई वाईट वाटतंय."

ठाण्यात पोचलो तेव्हा लोक वाढले होते. मी तो डबा आवारात आणून जमिनीवर ओतला आणि सचिवांच्या भावाला म्हणालो, "तुमच्या गोठ्यात बैल आहेत ना? बघा जरा." त्याने एक उचलला, दुसरा उचलला, मग खाली बसून मूठभर चाळले. शेतकऱ्याला जास्त समजवावं लागत नाही. "पत्रीचं हायत," तो म्हणाला. मागून कुणीतरी गाडीवानांना शिवी घातली. मी काही बोलायच्या आत भाऊच उठून उभा राहिला, "गप ऱ्हावा. आपल्याबी बैलांचं असतील ह्यात. आपुनबी ऊस त्याच रस्त्यानं घालतोय." बाजूला चहावाला उभा होता. तो कुणाच्या नजरेला नजर देईना.

कारखान्याच्या लोकांशी बोलून गाडीतळावर, म्हणजे बैलगाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, एक नालबंद बसवला. ढिली पत्री दिसली की गाडी रस्त्यावर यायच्या आत ठोकून द्यायची, एवढंच काम. गावातल्या पोरांनी पाळीपाळीने सकाळी चुंबक फिरवायचं कबूल केलं आणि, आश्चर्य म्हणजे, हंगामभर पाळलंही. उतारावरची पंक्चर बंद झाली असं नाही म्हणणार, पण तक्रार घेऊन कुणी आलं नाही. सचिव तीन महिन्यांनी काठी टेकत चालू लागले आणि आपण होऊन मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन बसले.

गुन्हा दाखल झालाच नाही, त्यामुळे कुठल्या तक्त्यात या प्रकरणाची नोंद नाही. पण माझी चौकशीची पद्धत त्यानंतर बदलली. 'कोणी केलं' हा पोलिसाचा आवडता प्रश्न असतो, कारण उत्तरात नाव मिळतं आणि नाव मिळालं की हात उचलता येतो. 'कसं झालं' हे विचारायला वाकावं लागतं, रस्त्यावर उतरावं लागतं. मी ते आधी विचारलं असतं तर एका सरळ माणसाला मार बसला नसता. नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात हे मी अनेकदा सांगितलं. थपडीचं सांगायला मात्र वेळ लागला, ते आज लिहितोय.

आवारात डबा ओतला त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो आणि त्या तसबिरीसमोर उभं राहून म्हणालो, "मिस्त्री, चुकलो मी. तुम्ही मला माफ करा." त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. ते टायर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा साहेब, च्या सांगतो." चहा आला, आम्ही प्यालो, आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पुढे तीन वर्षं मी तिथे होतो. त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. आमच्या जीपचं पंक्चर मात्र त्यांनी प्रत्येक वेळी हातातलं काम बाजूला ठेवून काढलं.