दारातली जीभ

अमेरिकेत, एडिसनमध्ये आम्ही नवरा-बायको ऑफिसची ट्रेन पकडायला निघालो की आमची अनिका शेजारच्या कुमुदमावशींकडे जायची. नुसते दात घासून मावशींचं समाधान होत नसे. दारातच त्या म्हणायच्या, "जीभ दाखव." घासलेली दिसली तरच आत उपमा मिळायचा, नाहीतर परत बेसिनपाशी रवानगी.

दोन हजार चार साली अनिका किंडरगार्टनला जायला लागली. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात बाई हसून उभ्या होत्या. आमच्या शहाण्या मुलीनं त्यांना लांबलचक जीभ काढून दाखवली. मुलगी उद्धट आहे, अशी चिठ्ठी घरी आली.

मी तणतणत ती मावशींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते जाऊ दे, स्वच्छ होती ना?"