घाटात राहिलेली सून

लढाई कुठे चालली होती ते आम्हा बायकांना नीट ठाऊक नव्हतं, पण गावातलं पेट्रोल तिनं पिऊन टाकलं होतं एवढं कळलं होतं. म्हणून तिसगावाहून नगरला जाणारी मोटार कोळशावर चालायची. तिच्या पाठीला पिंपासारखी उंच भट्टी बसवलेली असायची. क्लीनर ती पेटवायचा, पंखा फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा, आणि मग केव्हातरी मोटारीच्या मनात आलं की ती खोकत, कण्हत निघायची. मागच्या बाकावर बसलेलं माणूस नगरला उतरेपर्यंत काळं ठिक्कर पडायचं. मागची बाकं बायकांची होती, हे वेगळं सांगायला नकोच.

माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मी नगरची. वडील जकात नाक्यावर कारकून. सासर तिसगावचं, पंधरा माणसांचं शेतकऱ्याचं घर. जाच म्हणावा असा काही नव्हता, खोटं कशाला बोलू? पण नवरा माझ्याशी बोलत नव्हता. चारचौघांत, त्यातून वडीलधाऱ्यांसमोर, बायकोशी बोलायचं नाही अशी रीत, आणि चारचौघं नाहीत असा कोपरा त्या घरात नव्हता. राखणीच्या निमित्तानं हे बहुतेक शेतावरच असायचे. मामंजींपुढे, म्हणजे माझ्या सासऱ्यांपुढे, मी पदर एवढा पुढे ओढायची की त्यांना फार तर माझी हनुवटी दिसत असेल. नवऱ्याचे शब्द मी बोटांवर मोजले होते. 'पाणी', 'वैरन', 'दार लाव'. राग माझ्या नाकावरच असायचा. एखाद्या खांबाशी लग्न लावलं असतं तर निदान टेकायला तरी झालं असतं, असं मनात म्हणत मी ठरवून टाकलं होतं. दिवाळसणाला माहेरी गेले की आईला सांगायचं, मी काही आता परत जाणार नाही.

तर दिवाळसणाला आम्ही तिघं निघालो. मामंजींचं नगरला काम होतं, म्हणून तेही बरोबर. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले, हे त्यांच्या मागं, आणि मी भट्टीजवळ. माझ्या शेजारी आमच्याच गावची एक मुसलमान म्हातारी होती. लेकीकडे निघालेली. तिला हिव भरलं होतं आणि दात कडाकडा वाजत होते. मी माझी लग्नातली लाल शाल तिच्या डोक्यावरून पांघरली. ती शाल आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण एवढी भडक लाल वस्तू त्या घरात दुसरी नव्हती.

करंजीचा घाट आला की मोटारीचा दम संपायचा. क्लीनर खाली उडी टाकून ओरडला, "उतरा, उतरा! पाय धड हायेत त्यांनी समद्यांनी उतरा!" म्हातारेकोतारे आणि आजारी तेवढे आत राहायचे, बाकीच्यांनी मोटारीमागून घाट चढायचा. याबद्दल कुणाची तक्रार नसायची. भाडं बसायचं घेतात की चालायचं, असं एखादा नवखा विचारायचा आणि सगळे हसायचे. मामंजींचे गुडघे दुखायचे, म्हणून ते आत राहिले. म्हातारी शालीत गुरफटून झोपली होती.

हे रीतीप्रमाणे माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. मोटार आणि तिच्यामागची माणसं पहिल्या वळणाआड गेली आणि हे थांबले. मी जवळ गेले तर खाली बघत म्हणाले, "वहान चावती व्हय?"

आठ महिन्यांनी नवरा बोलला तर वहाणेबद्दल!

"चावते थोडी," मी म्हणाले.

"मंग हातात घे की. हितं कोन बघतंय?"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! घाटात सीताफळं पिकली होती. यांनी डोळा उघडलेली दोन काढली, एक मला दिलं, आणि दगडावर बसून बिया कोण लांब थुंकतं अशी पैज लावली. मी जिंकले. हे म्हणाले की नगरच्या बायकांना एवढंच येतं. मी म्हणाले, तिसगावच्या पुरुषांना तेवढंही येत नाही. मग हे मोटारीची नक्कल करू लागले. तो खोकला, ते अडखळणं, शेवटचा तो सुस्कारा, सगळं हुबेहूब. त्यानंतर क्लीनरची. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, खुद्द मामंजींची. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आठ महिने मी ज्याला खांब म्हणत होते तो माणूस मुलखाचा वात्रट होता, आणि त्याला घरात कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि रागही आला, नक्की कुणाचा ते कळेना.

थोडं वर गेल्यावर यांनी नकला थांबवल्या. चालता चालता म्हणाले, "महिन्यानं न्यायला येतो. येशील न्हवं परत?"

म्हणजे माझ्या मनातलं यांना कळलं होतं! मी बोलणार तेवढ्यात वरून हॉर्न ऐकू आला. आम्ही धावत सुटलो. माथ्यावर पोचलो तर तिथं भट्टीतून काढलेल्या राखेचा एक ढीग होता, त्यात चार निखारे धुमसत होते, आणि मोटार पार पुढच्या वळणावर धूर सोडत चालली होती.

माथ्यावर काय झालं ते आम्हाला मागून कळलं. क्लीनरनं मामंजींना विचारलं होतं, "तुमची मानसं आली का वो?" मामंजींनी मागं नजर टाकली. लाल शाल जागेवर होती. "सूनबाई बसली हाय," त्यांनी सांगितलं. "पोरगं मागं शिडीला लटकलं आसंल." आणि मोटार हलली.

जकात नाक्यावर माझे वडील नवी टोपी घालून जावयाची वाट बघत उभे होते. मामंजी उतरले आणि मागं न बघताच म्हणाले, "सूनबाई, उतरा. तुमचं नगर आलं." शाल बाजूला झाली आणि आतून म्हातारी म्हणाली, "बाबा, मी कवापासनं तुमची सून?"

नाक्यावरचे हमालसुद्धा हसले म्हणे. मामंजी मात्र हसले नाहीत. वडील मला पुढे कितीदा तरी सांगायचे, की ते नाक्याच्या ओट्यावर मटकन बसले आणि म्हणाले, "व्याही, आठ महिनं पोरगी माझ्या घरात हाय. आन् मला तिची शाल वळखू येती, तोंड न्हाई."

आम्ही बाजरीच्या पोत्यांच्या एका गाडीत बसून दिवेलागणीला पोचलो. गाडीवान सोबत होता, त्यामुळे वाटेत बोलणं नाही. यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशीच राहिलं. घरी आल्यावर तर मामंजी पुढ्यात, म्हणजे हे पुन्हा खांब. दिवाळीचे तीन दिवस यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. घाटातलं सगळं मला भास झाल्यासारखं वाटू लागलं. आई स्वयंपाकघरात दोनदा म्हणाली, "काहीतरी सांगायचंय ना तुला? तोंडावर दिसतंय." मी दोन्ही वेळा करंज्या तळत राहिले.

निघायच्या दिवशी मामंजींनी बाहेरून विचारलं, "मंग सूनबाईस्नी कवा न्यायला येऊ?" लेक महिनाभर माहेरी राहायची ही पद्धत. आई तेच सांगायला उठली होती. दाराआडून माझ्याच तोंडून निघालं, "मी आत्ताच येते."

सासऱ्याला सुनेनं असं परस्पर उत्तर द्यायचं नसतं. आईचा चेहरा पडला. "माझ्या हातचं कडू झालं का गं?" ती हळूच म्हणाली. तिला खरं सांगायचं तर आधी काय ठरवून आले होते तेही सांगावं लागलं असतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली. तिला मी कधीच सांगितलं नाही, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

परतीच्या मोटारीत मी मागच्या बाकावर बसले. तोंडावर राख उडत होती, पण जीव घाटाकडे लागला होता. माथा जवळ आला आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं वेडे, जाताना तो चढ होता, येताना उतार! उतारावर कोण कशाला उतरवतंय? मोटार अशी घरंगळत जाईल, दहा मिनिटांत करंजी, आणि मग पुन्हा ते पंधरा माणसांचं घर. महिनाभराचं माहेर मी हातानं सोडलं होतं. रडू आवरेना.

माथ्यावर मामंजींनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबीव जरा." मोटार थांबली. मामंजी पुढच्या काचेतून सरळ समोर बघत मोठ्यानं म्हणाले, "उतारावर ही लई हादरती. पोराला सोसत न्हाई. तुमी दोगं चालत या. मी करंजीला च्या पीत बसतो."

पोराला सोसत नाही! जे पोर बैलगाडीच्या साटीवर उभं राहून झोपा काढायचं! बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आम्ही उतरलो. मोटार गेली. यांनी विचारायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं, "आलेय ना परत?" हे नुसते हसत राहिले.

मैल-दोन मैलांचा तो उतार आम्ही कसा आणि किती वेळ उतरलो ते विचारू नका. सूर्य चांगलाच कलला होता. करंजीत पोचलो तर मोटार केव्हाच निघून गेलेली. चहाच्या दुकानासमोर बाकावर मामंजी एकटेच बसले होते, दुखरे गुडघे चोळत, शेजारी रिकाम्या कपांची रांग. आता तिसगावपर्यंत त्यांनाही चालावं लागणार होतं, नाहीतर गाडी शोधावी लागणार होती. मी घाईनं पदर पुढे ओढला.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "एवढ्या लौकर आलात?"