आधी ऊन पाणी, मग गार

माझ्यासारख्यानं काही लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यात विषय आंघोळीच्या पाण्याचा. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

आमचं गाव जळकोटजवळ. चुलीवरचं ऊन पाणी बादलीत आधी घ्यायचं, मग त्यात गार पाण्याचं इसण घालायचं, हे आईनं लहानपणीच शिकवलं होतं. कुणी उलट केलं की ती भरलेली बादली ओतून द्यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. आधी गार आणि त्यावर ऊन, ही रीत आमच्याकडं फक्त मेलेल्या माणसाच्या आंघोळीची.

बारावीत असताना मी तिला म्हणालो, "कसंबी वतलं तरी पाणी तेवढंच कोमट होतंय."

"व्हय का? मग तुझं पुस्तकच घाल बादलीत," आई म्हणाली. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून हसत होते.

दादा शेळ्या राखायचे. थंडीतही हौदावर गार पाण्यानंच आंघोळ करायचे. "ऊन पाणी बायकांला आन् कालेजवाल्यांला," असं मला चिडवायचे.

यंदा दिवाळीत मी कळंबच्या वसतिगृहातून घरी गेलो, तर दादा न्हाणीत पाटावर बसलेले. पाय सुजलेले. आई बादली भरून देत होती. पाण्याच्या वाफा निघत होत्या आणि ते कुडकुडत होते.

"आजून ऊन घाल गं. लई गार हाय."

आईनं वरून ऊन पाणी घातलं नाही. बादली रिकामी केली आणि पहिल्यापासून भरली, आधी ऊन, मग अगदी थोडं गार. मी दादांच्या पाठीवर तांब्यानं पाणी घालत राहिलो.

मी कळंबला परतल्यावर त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं, आणि थोड्याच दिवसांत घरी आणलं. का आणलं, ते मला कुणी सांगेना. फोन केला की एकच उत्तर यायचं, "बरं हाय. तू पेपर दे." वसतिगृहातलं पाणी अंगावर घेताना दात वाजायचे. दादांना हौदावरचं गार पाणी रोज कसं सोसायचं, असं वाटायचं.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि तिथूनच फोन लावला. आत्यानं उचलला.

"आत्या, दादांला द्या की फोन."

"झोपलेत. पेपर कसा गेला बाळा?"

"बरा गेला. उठवा की जरा."

मागं माणसांची कुजबुज चालली होती. बादली फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग चुलत्यांचा आवाज, अगदी स्पष्ट:

"आरं थांब, ऊन नगं. आधी गार वत."