एकाच डोळ्यात थेंब

"कोनाची गो तू?"

खुर्चीत बसायच्या आधी ती हे विचारायची. डोळे दाखवायला आलेला माणूस साधारणपणे आपलं सांगतो. पाणी येतं, धूसर दिसतं, डोकं दुखतं. ही बाई आधी मला तपासायची. हनुवटी वर, मान जराशी तिरकी आणि पदराचं टोक मुठीत घट्ट, जणू मी तेवढंच ओढून पळणार आहे.

मी तेव्हा बदलापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात इंटर्न होते. ऑप्टोमेट्रीचं शेवटचं वर्ष. म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, चष्म्याच्या दुकानातलीही नाही. मी काय शिकते हे माझ्या आईलाही धड सांगता यायचं नाही, अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये ती "डोळ्यांचं करते" एवढंच सांगून विषय बदलायची. नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे आणि माणसाला डॉक्टरांकडे आत पाठवायचं, हे माझं काम.

पहिल्या दिवशी मी तिला माझं नाव सांगितलं.

"नाव नाय विचारला. कोनाची?"

मग वडिलांचं नाव सांगितलं, ते कुठल्या खात्यात कामाला ते सांगितलं, मूळ गाव साताऱ्याकडचं हेही सांगितलं.

"म्हंजे इथली नाय."

"नाही."

"मंग बरा हाय," असं म्हणून ती बसली. इथली नसणं हा माझा गुण कसा, ते तेव्हा काही कळलं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवाल्याने तोलून दिलेली भाजी शेजारच्या दुकानात पुन्हा तोलून घेणारी. पण ही त्यांच्याही वरची होती. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचून झाली आणि मी "बरोबर" म्हटलं, की ती उठायची, चालत पाटीपर्यंत जायची आणि नाक लावून बघायची. "तू बरोबर बोललीस. खरंच होता का ते बगते." चष्म्याची भिंगं बदलून मी विचारायचे, हे बरं की आधीचं? ती म्हणायची, "तुला कनचा विकाचा हाय ते सांग." मागे बसलेली रांग हसायची. मलाही हसू यायचं, पण दाबावं लागायचं, कारण हसताना दिसले तर आणखी एक संशय.

ती जवळच्या जांभूळ गावची. पाण्याच्या टाक्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची भातजमीन होती. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगी, ती वांगणीला दिलेली. केस पांढरे झाल्यावर गावातल्या साक्षरतेच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली होती, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. अंगठ्याला शाई लावायला कुणी पुढे झालं की ती पेन मागायची.

तिला शुगर होती, जुनी. डॉक्टरांना डोळ्याचा पडदा बघायचा होता आणि त्यासाठी थेंब घालायला हवे होते. तिथेच गाडी अडली.

"थेंब नाय."

"आजी, दुखत नाही. थोडं चुरचुरतं."

"दुखन्याला कोन भ्यातंय?"

एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा आली, थेंब नाहीत. डॉक्टर वैतागले. "आतून रक्त येत असेल तर डोळा जाईल त्यांचा. त्यांना समजाव, नाहीतर फाईलवर लिही की पेशंटने नकार दिला." मी लिहिलं नाही. तिला पाणी दिलं आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. तिने ग्लास उजेडात धरून पाहिला आणि मग प्यायली.

तेव्हा तिने सांगितलं. काही वर्षांपूर्वी गावात मोफत तपासणीचं शिबिर झालं होतं. दिराच्या मुलाने, म्हणजे तिच्या पुतण्याने, तिला मोटरसायकलवर बसवून नेलं. थेंब घातले, पडदा बघितला, सगळं ठीक म्हणाले. परत येताना त्याने एका ऑफिसापाशी गाडी थांबवली. काकी, रेशनकार्डाचं काम आहे, एक सही कर. तिने कागद डोळ्यांपुढे धरला. अक्षरांच्या जागी नुसता चकचकाट. इतक्या कष्टाने शिकलेली अक्षरं, आणि एकही दिसेना. पुतण्याच तो, लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला. तिने सही केली. पुढच्या उन्हाळ्यात जमिनीच्या एका कडेने पुतण्याची भिंत उभी राहिली, तेवढा तुकडा गेला.

"तुमी थेंब घालून मानसाला आंधला करता," ती म्हणाली, "आनि सही मागाला कोन ना कोन भायेर उबा असतो."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला तिचं हसू यायचं ते त्या दिवशी बंद झालं.

दोन्ही डोळ्यांत एकदम थेंब घालायचे ही आमची सवय. एका फेरीत काम होतं म्हणून. पण तसं घालायलाच हवेत असं कुठे आहे? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घाल बाई, पण घाल. मी तिला सांगितलं, "आज फक्त उजव्या डोळ्यात घालते. डावा तसाच राहील. त्याने वाचायचं."

तिने डावा डोळा तळहाताने झाकला, आधी उजव्याने पाटी वाचली, मग उलटं करून डाव्याने वाचली. डाव्याची खात्री पटली.

"एक डोला तुमचा," ती म्हणाली. "एक माजा."

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते. त्याच दिवशी लेझर करायचं ठरलं. आणि लेझर करायचं तर काय हवं? संमतीपत्रावर सही. कागद घेऊन मीच तिच्यापुढे उभी राहिले आणि तिचा चेहरा बघून मलाच माझी लाज वाटली.

"बग," ती म्हणाली. "थेंब घातलास. आता सही मागतेस."

तिने तो कागद डाव्या डोळ्याने वाचला. बोट ठेवून, शब्दन् शब्द. रांगेतले लोक चुळबुळत होते, सिस्टर दोनदा डोकावून गेली. एका ओळीवर बोट थांबलं. काही झाल्यास दवाखाना जबाबदार राहणार नाही.

"मंग कोन राहील?"

मी पेन पुढे केलं. तिने सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू पन कर." माझ्या सहीला तिथे काडीची किंमत नव्हती. साक्षीदाराच्या रेघेवर मी केली.

लेझरनंतर उजव्या डोळ्यातलं रक्त थांबलं, पण नजर काही पूर्वीची राहिली नाही. मोठी अक्षरं दिसत, कागदावरची दिसत नसत. काही महिन्यांनी डाव्या डोळ्याची पाळी आली, तेव्हा आमची युक्ती संपली होती. डाव्यात थेंब घातले की वाचायला डोळाच उरत नव्हता. आणि न घालावेत, तर डावाही हातचा जाणार.

त्या दिवशी तिच्याबरोबर पुतण्या आला. गावात कुणाकडून तरी त्याला तारीख कळली होती आणि सकाळीच गाडी घेऊन दारात उभा होता. अगदी गोड माणूस. "मॅडम, आमच्या काकीला जरा नीट बघा हां." काकीला खुर्ची आणून दिली, माझ्यासाठी चहा सांगितला. काखेत प्लास्टिकची फाईल होती. दवाखान्यात येताना फाईल सगळेच आणतात, त्यात काही विशेष नाही. मला वाटलं, इतका वाईट नसेलही, जमिनीच्या भांडणात दोन्हीकडून बोललं जातं.

मग त्याने विचारलं, "थेंबांचा असर कधीपर्यंत राहतो?"

हा प्रश्न मला रोज येतो. सगळे विचारतात, लवकर उतरेल ना? कामावर जायचंय, पोरांना शाळेतून आणायचंय. मी सांगितलं, चार-पाच तास. तो म्हणाला, "म्हणजे दुपारी तीनपर्यंत तरी राहील ना?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. राहील ना, असं आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं.

तिने ते ऐकलं होतं. खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि डावा डोळा स्वतःच्या बोटांनी उघडून धरला. "घाल," म्हणाली. पहिला थेंब गालावर पडला.

तपासणी झाली, डावा पडदा बरा निघाला. बाहेर पुतण्या किल्ली फिरवत उभा होता. "चल काकी, सोडतो. वाटेत एका मिनिटाचं काम आहे."

तिने अंदाजाने हात पुढे केला आणि माझं मनगट पकडलं. काय पकड होती.

"थेंब उतरेपर्यंत पेशंटला सोडत नाही आम्ही," मी म्हणाले. "नियम आहे."

असा नियम कुठल्याच दवाखान्यात नाही. तो हसत म्हणाला, "आम्ही घरचे आहोत, मॅडम." मी म्हटलं, घरच्यांसाठीच आहे. त्याने फोन लावला, कुणाशी तरी बाजूला जाऊन बोलला, जरा वेळ थांबला, पुन्हा आत डोकावला आणि शेवटी गेला.

दुपारभर आम्ही बाकावर बसलो. माझी ड्युटी संपली तरी मनगट काही सुटलं नाही. मध्येच तिने हळूच विचारलं, "त्याने तुला काय दिला नाय ना?" चहा, मी म्हटलं. "प्यायलीस?" नाही. "बरा केलास." संध्याकाळ होत आली तेव्हा ती उजवा डोळा झाकून समोरची पाटी वाचायला लागली. "चपला... बाहेर... काढाव्यात." वाचून झाल्यावर उठली, पाटीपाशी जाऊन नाक लावून खात्री केली आणि रिक्षात बसून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटत होतं की घरी जाताना मी एकटीच हसत होते.

इंटर्नशिप संपली. मला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, बाजारातल्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली. जीन्सच्या कारखान्यांतले कामगार, दुकानदार, दिवसभर गर्दी. म्हाताऱ्या माणसांना थेंब घातले की मी सांगते, संध्याकाळपर्यंत कशावर सही करू नका. आमचे सिंधी मालक हसतात. "अरे, डर मत दिखाओ कस्टमर को."

परवा एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, हातात पिशवी. नंबर न लावता सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बदलापूरच्या दवाखान्यात होतीस ती पोर तूच काय?"

ती आजींची वांगणीची मुलगी. आई गेल्या महिन्यात गेली म्हणाली. शेवटी शुगर फार वाढली होती, नजरही गेली होती. जमीन मुलीच्या नावावर करायची असं आईनेच ठरवलं, वकील घरी आला, कागद तयार झाला. मुलगी मोठ्याने वाचून दाखवायला लागली तर आईने हात वर केला. तू नको वाचू. त्या डोल्याच्या पोरीला बोलवा. ती वाचंल तर सही करन.

"नाव विचारला तर बोलली, नाव मना काय म्हाईत. इथली नाय ती." मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. "कुठं शोधू तुला? दवाखान्यात गेले तर बोलले, सोडून गेली. तुझा पत्ता मिलेपर्यंत ती गेली. माज्यावर पन इस्वास नाय ठेवला गो तिने."

सही झालीच नाही. आता वारसाहक्काचं चालू आहे, पुतण्याने हरकत घेतली आहे. रडू आलं, मी ते आवरलं नाही. तिने माझं नाव कधीच विचारलं नाही आणि मीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुम्हाला शुगर आहे?"

"हाय."

"पडदा बघून घ्या. आलाच आहात तर."

तिने हनुवटी वर केली. मान जराशी तिरकी.

"थेंब घालनार?"

"हो."

ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि डावा डोळा तळहाताने झाकून घेतला.

"या एकातच घाल," ती म्हणाली.