घरच्या तुतीची फांदी

सकाळी पावणेसातला फांदीकाका स्वतःच्याच परसात शिडी लावत होते. सगळं गाव त्यांना याच नावाने हाक मारतं. लोकांच्या घरांवर झुकलेल्या, वाळलेल्या फांद्या उतरवणं हा त्यांचा धंदा. घरच्या तुतीकडे मात्र बघायला सवड झाली नव्हती. तिची एक जाड फांदी मागच्या खोलीच्या पत्र्यावर आली होती. शेंडा वाळलेला, साल सुटलेली. दुपारी लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती आणि पाळणा त्याच खोलीत होता.

"पाळणा पुढच्या खोलीत हलवू," असं काकू आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. ते काकांना लागलं होतं.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. शिडीकडे बघितलं, कप पायरीवर ठेवला, करवत उचलली आणि तडक आत निघाल्या.

"अगं, करवत कुठे नेतेस?"

"पिठाच्या डब्यात ठेवते."

"मस्करी नको. चहा गार व्हायच्या आत होईल हे काम."

"शिडी कशाला टेकवलीय ते बघा आधी."

शिडी कापायच्या फांदीलाच टेकवली होती. शेंडा तुटून पडला की उरलेली फांदी हलकी होऊन वर उसळते, शिडीचा आधार जातो आणि माणूस खाली येतो. लोकांच्या दारात काका हे सगळ्यांना बजावून सांगत. घरचंच काम म्हणून त्यांनी लक्षच दिलं नव्हतं.

"माझा भाऊ येईपर्यंत करवत मिळायची नाही," काकू म्हणाल्या.

मेहुणा पूर्वी काकांच्याच जोडीला असे. काकांचा गुडघा कुरकुरायला लागला, तसं तो म्हणू लागला, "दाजी, तुम्ही दोर धरा, मी चढतो." तेव्हापासून काका एकटेच कामाला जात.

काकूंनी फोन केला. मेहुणा डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर दोर अशा थाटात आला.

"काय दाजी, घरच्या गिऱ्हाईकाने हत्यारं जप्त केली म्हणे?"

"बहीण कोणाची आहे!"

विजेची तार लांब आहे, हे दोघांनी आधी बघून घेतलं. काकूंनी खोली रिकामी केली, कोंबड्या हुसकावल्या. मेहुण्याने शिडी खोडाला बांधली आणि तो चढला. फांदीला बांधलेला दोर वरच्या भक्कम बेचक्यातून खाली आला. काकांनी तो खोडाला दोन वेढे देऊन धरला. पहिला काप खालून, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलली जात नाही. दुसरा जरा पुढे, वरून.

फांदी कडाडली आणि दोरावर लोंबकळली. काकांनी ती हळूहळू खाली सोडली. पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही. मग उरलेला खुंट कापायचा होता.

"खोडाला घासून कापू नकोस! तो फुगीर भाग राहू दे, जखम तिथूनच भरते."

"दाजी, झाड तुमचं असलं तरी हात माझे आहेत!"

खाली आलेली फांदी आतून पोकळ निघाली. भुसा नुसता बोटाने निघत होता. मेहुणा खाली उतरला, तसे काका दोर गुंडाळू लागले.

"शाळेचं काम घेतलंय," काका म्हणाले. "येतोस?"

"चढणार कोण?"

"तूच चढ. दोराला अक्कल लागते, ती माझ्याकडे राहू दे."

"ही अक्कल जरा आधी आली असती तर!" काकू आतून म्हणाल्या.

दुपारी बाळ मागच्या खोलीतच झोपलं.

उद्या सकाळी साडेसातला मेहुणा शिडी घेऊन शाळेच्या फाटकापाशी येणार आहे. मुलं यायच्या आत रस्त्याकडची फांदी उतरवायची आहे.