पल्याडच्या सर्व्हरवर सोपानकाका

मी रेप्लिकेशनची दिशा उलटी लावली आणि चालू सर्व्हरवर रिकामा सर्व्हर कॉपी करून टाकला. चूक शंभर टक्के माझी. आज हे सहज लिहितोय, तेव्हा मात्र माझ्याकडून वदवून घेतलं गेलं... कुणी, ते तुम्हीच ठरवा. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माणूस एकदा लॉगआउट झाला की झाला, असं माझं मत!

जनावरांच्या नोंदी ठेवणारी एक संस्था, नाव विचारू नका. मुख्य सर्व्हर नारायणगावात, दुसरा मंचरला. नारायणगावचा बसला तर तीच व्हर्च्युअल मशिन्स मंचरला उठून उभी राहिली पाहिजेत, त्यासाठी नारायणगावची कॉपी मंचरला ठेवायची, एवढंच काम. नारायणगावात बसून मी मोठ्या हौसेनं साइट्सना नावं दिली – नारायणगाव 'अल्याड', मंचर 'पल्याड'. मग उरलेलं कॉन्फिगरेशन करायला मंचरला गेलो. आता मंचरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला अल्याड म्हणजे काय? मंचरच की राव! मी ऐटीत 'पल्याडहून अल्याड' निवडलं. येडगाव, आणे, निमगाव सावा... गावोगावच्या गायींच्या लशी, आजारपणं, वेतं – चहा संपेपर्यंत सगळं साफ.

नारायणगावच्या सर्व्हररूमची किल्ली सोपानकाकांकडे असायची. एका बोटानं टाइप करत नोंदी टाकणारे साधे गृहस्थ. मी साहेबांना सांगितलं, "काकांनी किटली लावायला सर्व्हरचा प्लग काढला." आणि कुणी काय केलं याची नोंद ठेवणारा, माझं नाव असलेला लॉग दोन्हीकडून पुसला.

काकांची रवानगी आणे पठारावरच्या केंद्रात झाली. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"तुझं पाप माझ्या नावावर चढवलंस न्हवं, भाऊ? ते उतरवल्याबिगर मी जानार न्हाई."

वर्षाच्या आत काका वारले. त्यांचं लॉगिन मी स्वतः डिलीट केलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डीआरची, म्हणजे एक सर्व्हर बसला तर दुसरा उठतो का याची, चाचणी होती. सकाळचे अकरा, नारायणगावचं ऑफिस, समोर साहेब आणि सगळे संचालक, भिंतीवर प्रोजेक्टर. मी नारायणगावचं मशीन बंद केलं. मंचरचं उठलं. टाळ्या! आणि पडद्यावर आलं – युजर: सोपान. खाली एकच फाइल उघडी. मी पुसलेला लॉग. दिशा कुणी निवडली, त्यापुढे माझं नाव.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर, टेस्ट डेटा..."

बंद केलं, परत उठवलं. तेच. तिसऱ्यांदा कर्सर सरकत आला आणि माझ्या नावाखाली थांबला. मग एकेक अक्षर उमटलं. उ... त... र... व.

मी मंचरच्या ऑफिसातल्या सुनंदाताईंना फोन लावला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकायला लावला.

"ताई, सर्व्हरवर कोण बसलंय?"

"कोन न्हाई ओ. खोलीला कुलूप हाय, किल्ली माझ्या हातात. पर भाऊ... आत कीबोर्ड वाजतोय. लई सावकाश."

मी फोन बंद केला. सगळ्यांसमोर बोललो – अल्याड, पल्याड, किटली, सगळं. शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि पडदा काळा झाला.

नंतर तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दोन्हीकडच्या डिस्क विंचरून काढल्या. ना तो लॉग सापडला, ना ते लॉगिन. सुनंदाताईंनी कुलूप उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं.

काकांवरचा ठपका काढल्याचं पत्र साहेबांनी माझ्याच हाती काकांच्या घरी, निमगाव सावाला पाठवलं. काकूंच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांना मोबाइलवरचा फोन कट करता येत नव्हता, पावणं. त्यांनी तुमाला धरलं... मंग तुमी शिकून केलं काय?"