बाजीरावचा दोर

बाजीराव गेल्याची बातमी युसूफनं आणली. मी वर्गात फळा पुसत होतो. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, बाज्या गेला."

काविळीनं आजारी होता, पण इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं. रडू आलं, नाही असं नाही. पण त्याआधी मनात काय आलं तेही सांगून टाकतो... तो मेला तरी बाज्या, आणि मी जिवंतपणीच गुरुजी.

वास्तविक युसूफ आधी माझा मित्र. पौडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्याच्या वडिलांच्या दुकानातला गूळ एकाच कागदातून खायचो. तेव्हा मी सद्या होतो. बाजीराव धरणाकाठच्या गावातून मागाहून आला आणि बाकावर थेट आमच्या दोघांच्या मधे बसला. तेव्हापासून मी कडेलाच आहे. त्याचं हसणंच असं होतं की चूक त्यानं करावी आणि लोकांनी त्यालाच जवळ घ्यावं.

शाळा सुटल्यावर एका हिवाळ्यात आम्ही तिघं ताम्हिणी घाट उतरून रेवदंड्याला गेलो. युसूफच्या मामांचा तिथं शिडाचा मचवा होता. मामांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं आम्हाला फिरवलं. शीड फुगलं तशी मला मळमळ सुरू झाली, आणि ते दोघे मात्र पुढच्या टोकाला नाळेवर बसून गात होते. दुपारी भर भरतीला एका गावच्या दगडी धक्क्याला लागलो. मामांना नमाजाला जायचं होतं. मचवा बांधायचं काम बाजीरावनं मागून घेतलं. बैल दावणीला बांधावा तसा त्यानं तो आखूड, करकचून बांधला. ओहोटीचं मी पुस्तकात वाचलेलं होतं. म्हटलं, दोर जरा सैल सोड.

"पान्याच्या कडंला जलम गेला माजा," तो म्हणाला. "तू मला होडी बांधाया शिकिवतोस व्हय?"

युसूफ हसला. मी धक्क्याच्या पायऱ्या चढू लागलो.

जेवून, एक झोप काढून परत आलो तर पाणी गेलेलं. मचवा नाकाला दोर अडकून धक्क्यावरून लोंबकळत होता, मागची बाजू चिखलात, बुडाची एक फळी उललेली. मामांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता याला बसणार. मनातून मी त्याचीच वाट पाहत होतो.

बाजीराव पुढे झाला. "मामा, चूक माजी हाय. आमच्याकडचं पानी उन्हाळ्यात उतरतं, जेवनाच्या येळंला न्हाई."

मामा पोट धरून हसले. बरोबर मी होतो, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गाठ इतकी आवळली होती की दोर कोयत्यानं तोडावा लागला. फटीत कापूस आणि डांबर भरून पुढच्या भरतीला निघालो. तरी पाणी शिरतच होतं. परत येईपर्यंत ते दोघे एकाच डब्यानं आळीपाळीनं पाणी उपसत होते, आणि मी ओकत पडलो होतो. उतरताना तुटलेल्या दोराचा एक तुकडा बाजीरावनं घेतला, एक युसूफनं. मला कुणी विचारलं नाही.

युसूफचा तुकडा दुकानात खिळ्याला आहे. बाजीरावनं आपला गोठ्याच्या फाटकाला बांधला. त्या दिवसापासून तो सगळंच सैल बांधायचा. बैल सुटून शेजाऱ्याच्या भातात शिरले की शिव्या खायचा आणि हसायचा. शिव्या देणारा शेजारी मग त्याच्याकडेच चहा पिऊन जायचा.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी फाटकाचा दोर सोडून माझ्या हातात दिला. "युसूफभावजींना द्यायचा हाय. ह्यांचा लई जीव व्हता त्या दोरावर. तुमी पौडलाच चाललाय, तर न्याल का?"

नेतो म्हणालो. नेला... आणि आपल्या घरी ठेवला. खिडकीच्या गजाला बांधलाय, सैलच. खारट वास केव्हाच गेलाय, आता शेणाचा येतो. दुकानावरून रोज जातो, युसूफ राम राम करतो, मी दोराचं काढत नाही.

हे छापून आलं की त्याला कळेल. चिडेल, येईल. यावंच त्यानं. मी भांडणार नाही. फक्त दारातून एकदा 'सद्या' म्हणून हाक मारावी आणि दोर घेऊन जावा.